मोठ्या कच्च्या रत्नाची पारख : त्यातून काय निघेल आणि कोणती प्रक्रिया ते सोसेल

कच्चा खडा जितका मोठा तितके त्यातून काम काढणे सोपे, असा समज पैलूकामाकडे नव्याने वळणाऱ्यांमध्ये सर्रास आढळतो. प्रत्यक्षात दोन-तीन ग्रॅमच्या खड्यात जे दोष खपून जातात, तेच शंभर ग्रॅमच्या खड्यात निर्णायक ठरतात. रंगाची गडदता प्रकाशाने आत कापलेल्या अंतरावर अवलंबून असते आणि मोठ्या खड्यात ते अंतर वाढते. स्फटिक वाढताना साठलेला ताण करवत लागताच मोकळा होऊ पाहतो. आणि भट्टीत ठेवलेल्या मोठ्या खड्याचा गाभा बाहेरच्या भागापेक्षा बराच वेळ थंड राहतो, त्यामुळे तो तडकण्याचा धोका वाढतो. म्हणूनच मोठ्या खड्याच्या बाबतीत पैलूंचा विचार आणि प्रक्रियेचा विचार वेगळा करता येत नाही. कुठे कापायचे, वरचा भाग कोणत्या दिशेला ठेवायचा, आधी तापवायचे की आधी घडवायचे, हे सारे पहिला छेद घेण्यापूर्वीच एकत्रित ठरवावे लागते.

ओळख पक्की करणे

खडा कशाचा आहे हे ठरवल्याशिवाय पुढच्या कोणत्याही निर्णयाला अर्थ नाही, आणि इथे मोठा आकार आपल्या बाजूने असतो. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट वजन, हे मोजण्याची साधी पद्धत म्हणजे खडा हवेत तोलणे, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोलणे, आणि हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भागणे. लहान खड्यात काट्याची किंचित चूकही उत्तर बिघडवते. मोठ्या खड्यात मात्र ती चूक नगण्य ठरते. समजा एक पारदर्शक तुकडा हवेत ८० ग्रॅम आणि पाण्यात ५० ग्रॅम भरला, तर उत्तर २.६७ येते आणि तो क्वार्ट्झ असण्याची शक्यता दिसते. तोच पाण्यात सुमारे ५७.३ ग्रॅम भरला असता तर उत्तर ३.५२ आले असते आणि टोपाझचा विचार करावा लागला असता. क्वार्ट्झचे विशिष्ट गुरुत्व २.६५, पाचू-ॲक्वामरीन ज्या बेरिल खनिजाचे असतात त्याचे सुमारे २.७, टूर्मलीनचे सुमारे ३.०६, टोपाझचे सुमारे ३.५३, स्पिनेलचे ३.६० आणि माणिक-नीलम ज्या कुरुंद खनिजाचे असतात त्याचे ४.०० आहे. खड्याला मूळ खडक चिकटलेला असेल, किंवा पोकळ्यांत हवा वा माती अडकलेली असेल, तर हे आकडे फसवतात. म्हणून तोलण्यापूर्वी खडा घासून स्वच्छ करावा आणि पाण्यात बुडवल्यावर त्याला चिकटलेले बुडबुडे ब्रशने काढावेत.

क्वार्ट्झ आणि बेरिल यांचे गुरुत्व इतके जवळ आहे की केवळ त्यावरून निवाडा करू नये. त्यासाठी खड्याच्या कोपऱ्यावर एक छोटासा सपाट भाग घासून पॉलिश करावा आणि रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचे माप, घ्यावा : क्वार्ट्झ १.५४ ते १.५५, बेरिल साधारण १.५७ ते १.६०. हीच पॉलिश केलेली जागा पुढे आत पाहण्याची खिडकी म्हणूनही उपयोगी पडते.

मोठा, स्वच्छ आणि गडद रंगाचा कच्चा खडा समोर आला की काच आणि कृत्रिम स्फटिक यांची शंका आधी घ्यावी. काच फोडून तिला ओबडधोबड आकार देणे, किंवा कृत्रिम कुरुंदाचे तुकडे ड्रममध्ये घोळवून नदीतल्या गोट्यांसारखे करणे, हे फार अवघड नाही. काचेत गोल वा लांबट बुडबुडे आणि प्रवाहासारख्या वळणदार रेषा दिसतात. ज्वालेत वितळवून बनवलेल्या कुरुंदात वक्र वाढरेषा असतात, तर नैसर्गिक कुरुंदातले रंगपट्टे सरळ असून १२० अंशांचे कोन करतात. बाह्य पृष्ठभागही पुष्कळ सांगतो. क्वार्ट्झच्या उभ्या बाजूंवर आडव्या रेषा असतात, टूर्मलीन आणि टोपाझवर लांबीच्या दिशेने उभ्या रेषा असतात, कुरुंदाच्या तळाच्या पृष्ठावर त्रिकोणी खुणा आढळतात. अशा खुणा तुकड्याच्या एखाद्या तरी कोपऱ्यात शिल्लक असतील, तर भरवसा वाढतो.

आत पाहणे आणि नकाशा काढणे

कच्च्या खड्याची खरबरीत साल प्रकाश विखुरते, त्यामुळे आतले काही दिसत नाही. खडा ओला केला तरी बराच फरक पडतो, पण खरी पाहणी द्रवात बुडवून करावी. द्रवाचा अपवर्तनांक खड्याच्या जितका जवळ, तितकी साल अदृश्य होते. पाण्याचा १.३३, ग्लिसरीनचा सुमारे १.४७ आणि बेंझिल बेंझोएटचा सुमारे १.५७ असल्यामुळे क्वार्ट्झ आणि बेरिल या शेवटच्या द्रवात जवळजवळ विरघळल्यासारखे दिसतात व आतले दोष तेवढे तरंगताना दिसतात. सच्छिद्र खडे आणि ज्यांच्या भेगा भरलेल्या असण्याची शंका आहे असे खडे मात्र तेलात वा विद्रावकात बुडवू नयेत.

प्रकाश कुठून टाकतो याला फार महत्त्व आहे. खड्याच्या थेट मागून प्रखर बॅटरी लावली की रंग खुलतो, पण बारीक दोष त्या उजेडात बुडून जातात. काळ्या कापडावर खडा ठेवून प्रकाश बाजूने आत सोडावा. मग भेगा आरशासारख्या चमकतात, धूसर पडदे राखाडी दिसतात आणि सुया-नळ्या उठून दिसतात. खडा सावकाश फिरवत राहावा, कारण सपाट भेग एका विशिष्ट कोनातच चमकते आणि बाकी सर्व कोनांतून अदृश्य राहते. सहा बाजूंनी पाहून झाल्यावर प्रत्येक बाजूचे साधे रेखाचित्र काढून त्यावर दोष मांडावेत. ही कंटाळवाणी पायरी बरेच जण टाळतात, पण मोठ्या खड्याच्या कामात मला हीच सर्वांत मोलाची वाटते. हिऱ्यांच्या व्यवसायात स्कॅनर आणि संगणक जे त्रिमितीय नकाशे तयार करतात, त्यांचा उद्देशही हाच असतो.

नकाशा काढताना एक गोष्ट विसरू नये. पारदर्शक माध्यमात दोष दिसतो त्यापेक्षा खोल असतो. पॉलिश केलेल्या खिडकीतून सरळ खाली पाहताना दिसणारी खोली अपवर्तनांकाने गुणली की खरी खोली मिळते. क्वार्ट्झमध्ये १० मिमीवर दिसणारी भेग प्रत्यक्षात सुमारे १५.४ मिमी खोल असते, कुरुंदात तीच १७.७ मिमीच्या आसपास असते. लहान खड्यात हा फरक अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मोठ्या खड्यात तो पूर्ण पाच-सात मिलिमीटरचा होतो आणि करवत चुकीच्या जागी लागते. अपवर्तनांक जुळणाऱ्या द्रवात बुडवून बाजूने पाहिल्यास ही फसगत बरीच कमी होते.

दोषांची प्रतवारी त्यांच्या वर्तनावरून करावी. पृष्ठभागापर्यंत आलेली उघडी भेग सर्वांत घातक असते, कारण घासताना ती पुढे सरकते. तिच्यात तांबूस लोहगंज उतरलेला असेल तर ती किती खोल गेली आहे ते निदान कळते. निसर्गातच पुन्हा जुळून आलेली भेग बोटाच्या ठशासारख्या सूक्ष्म ठिपक्यांच्या जाळीने ओळखू येते. ती सहसा पैलूकाम सोसते, पण भट्टीत धोक्याची ठरते, कारण त्या ठिपक्यांत द्रव असतो आणि तापल्यावर तो प्रसरण पावून भेग पुन्हा उघडतो. दुधी ढग घासण्यात अडथळा आणत नाहीत, पण संपूर्ण खड्याची चमक मंद करतात. एकटा काळा कण निरुपद्रवी वाटतो. तो तयार खड्याच्या तळाच्या टोकापाशी आला तर मात्र पैलूंतल्या परावर्तनांमुळे त्याच्या अनेक प्रतिमा वर दिसतात. तोच कण कडेला, कंबरपट्ट्याजवळ, म्हणजे वरचे व खालचे पैलू मिळतात तिथे, नेता आला तर जवळजवळ नाहीसा होतो.

ताण आणि पाटन

काही खनिजे ठरावीक प्रतलांत सहज दुभंगतात. या गुणधर्माला पाटन म्हणतात. टोपाझमध्ये स्फटिकाच्या लांबीला काटकोनात असे एक परिपूर्ण पाटन असते, कुंझाइट या फिक्या गुलाबी रत्नात लांबीला समांतर दोन दिशांनी, फ्लुओराइट आणि हिऱ्यामध्ये अष्टफलकाच्या चार दिशांनी. पाटनाच्या प्रतलाला अगदी समांतर असलेला पैलू नीट पॉलिश होत नाही आणि पापुद्रे सुटू लागतात, म्हणून टोपाझचा टेबल, म्हणजे वरचा मोठा सपाट पैलू, त्या प्रतलापासून किमान ५ ते १० अंश कलता ठेवावा. मोठ्या टोपाझमध्ये इंद्रधनुषी रंग दाखवणाऱ्या सपाट, आरशासारख्या भेगा दिसल्या तर पाटन आधीच उघडू लागले आहे असे समजावे, आणि त्या भेगेच्या रेषेवरच खडा विभागण्याचा विचार करावा.

कठिनता आणि चिवटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. टोपाझची कठिनता ८ असूनही एका नेमक्या आघाताने तो दुभंगतो, आणि हिरा १० असूनही तसाच.

आतला ताण डोळ्यांना दिसत नाही. प्रकाशाची एकाच दिशेतली कंपने पार होऊ देणारे दोन ध्रुवक पत्रे काटकोनात ठेवून त्यांच्यामध्ये खडा धरून फिरवला तर ताण असलेल्या जागी अनियमित उजळ पट्टे व रंग दिसतात; क्वार्ट्झ किंवा बेरिलसारख्या दुहेरी अपवर्तन करणाऱ्या, म्हणजे एका किरणाचे दोन करणाऱ्या, खनिजात मात्र हे वाचायला सराव लागतो, कारण स्फटिक स्वतःच उजळ-काळा होत असतो. टूर्मलीनच्या, विशेषतः अनेक रंग असलेल्या मोठ्या स्फटिकांत ताण पुष्कळदा इतका असतो की करवत मध्यापर्यंत पोहोचण्याआधीच तुकडा फुटतो. अशा स्फटिकाला आधी बाहेरच्या भेगांलगतचे भाग हळूहळू घासून काढून मोकळे करावे, करवतीला भरपूर थंड पाणी वा तेल मिळेल याची खात्री करावी आणि दाब अगदी कमी ठेवावा. सेंटेनरी हिऱ्याचे उदाहरण या बाबतीत अभ्यासण्याजोगे आहे. १९८६ साली सापडलेल्या या ५९९ कॅरटच्या कच्च्या हिऱ्यात भेगा होत्या. उष्णता आणि कंपने टाळण्यासाठी हिऱ्यांचे कारागीर गाबी टोल्कोव्स्की यांनी करवत वा लेझर न वापरता त्या हाताने काढल्या आणि त्यात १५४ दिवस गेले. शेवटी निघालेला हिरा २७३.८५ कॅरटचा आहे.

रंग आणि दिशा

मोठ्या खड्याची सर्वांत मोठी फसगत रंगात होते. समजा एखाद्या गार्नेटमधून १० मिमी अंतरात अर्धा प्रकाश पार होतो. तर २० मिमीत एक चतुर्थांश आणि ४० मिमीत केवळ एक सोळांश पार होईल. म्हणून कडेच्या पातळ पापुद्र्यात सुरेख वाइनसारखा दिसणारा तांबडा रंग २५ मिमीच्या तयार खड्यात कोळशासारखा काळा होतो. उलट फिक्या ॲक्वामरीन, मॉर्गनाइट किंवा कुंझाइटला मोठा आकारच रंग देतो. त्यांचे तुकडे करणे म्हणजे रंग गमावणे. गडद खड्यांचे लहान तुकडे आणि फिक्या खड्यांचा एक मोठा, हा माझा पहिला ठोकताळा असतो, आणि त्यापासून दूर जायला सबळ कारण लागते.

तयार रंगाचा अंदाज घेताना खडा दिव्यासमोर धरू नये. तयार खड्यात प्रकाश वरून शिरतो, तळाच्या पैलूंवरून परततो आणि पुन्हा वरून बाहेर पडतो, म्हणजे खड्याच्या खोलीच्या जवळपास दुप्पट अंतर कापतो. म्हणून ओला खडा पांढऱ्या कागदावर ठेवून वरून येणाऱ्या साध्या दिवसाच्या उजेडात पाहावा. कागदावरून परतलेला प्रकाशही दोनदा आरपार जातो आणि दिसणारा रंग वस्तुस्थितीच्या बराच जवळ असतो.

बहुतेक रंगीत रत्नांत दिशेनुसार रंग बदलतो. टूर्मलीन लांबीच्या दिशेने पाहिल्यास अनेकदा गडद, जवळजवळ बंद दिसते, तर आडव्या दिशेने खुलते. म्हणून गडद टूर्मलीनमध्ये टेबल लांबीला समांतर ठेवतात. नीलममध्ये उत्तम निळा स्फटिकाच्या लांबीच्या, म्हणजे मुख्य अक्षाच्या दिशेने पाहताना मिळतो आणि आडव्या दिशेत हिरवट छटा येते, त्यामुळे टेबल त्या अक्षाला काटकोनात ठेवणे श्रेयस्कर असते, जरी त्यात वजन जास्त गेले तरी. कुंझाइटमध्येही सर्वांत दाट रंग लांबीच्या दिशेनेच दिसतो. टांझानाइटमध्ये निळ्या दिशेने कापले तर बहुधा वजन कमी मिळते आणि जांभळट दिशेने जास्त. इथे निवड करणाऱ्याने वजनाचा मोह बाजूला ठेवून दोन्ही दिशांच्या शक्य खड्यांची किंमत आधी मांडून पाहावी.

रंग सर्वत्र सारखा नसेल तर रंगाचा गडद भाग तयार खड्याच्या तळाच्या टोकाशी येईल असा आराखडा करावा. परावर्तनांमुळे तो रंग वरून पाहताना संपूर्ण खड्यात पसरलेला दिसतो. तोच पट्टा टेबलजवळ ठेवला तर पट्टा म्हणूनच दिसतो.

मोठ्या आकाराचा आणखी एक परिणाम दुहेरी अपवर्तनाचा आहे. झिरकॉनमध्ये ते सुमारे ०.०५९ इतके तीव्र असते आणि खड्याची खोली वाढली की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी होऊन खडा धूसर भासतो. म्हणून मोठ्या झिरकॉनचा टेबल प्रकाशीय अक्षाला, म्हणजे ज्या दिशेने पाहिल्यास हा दुहेरीपणा दिसत नाही तिला, काटकोनात ठेवावा.

हिशोब

एवढी माहिती हाती आल्यावर खड्याच्या एकूण वजनाकडे पाहणे थांबवावे आणि त्यातला सर्वांत मोठा स्वच्छ ठोकळा शोधावा. कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, १२० ग्रॅमचा ॲमेथिस्ट म्हणजे ६०० कॅरट. नकाशावरून असे दिसले, की त्यात भेगा टाळून ४० × ३२ × २४ मिमीचा स्वच्छ भाग मिळतो. त्यात ३८ × ३० मिमीचा अंडाकृती खडा सुमारे २० मिमी खोलीचा बसवता येईल. अंडाकृतीचे वजन काढण्याचे सूत्र असे : लांबी-रुंदीच्या सरासरीचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले विशिष्ट गुरुत्व, गुणिले ०.००२०. सरासरी ३४ धरून उत्तर सुमारे १२२ कॅरट येते, म्हणजे कच्च्या वजनाच्या एक पंचमांश. गोल खड्यासाठी व्यासाचा वर्ग घेऊन शेवटचा गुणक ०.००१८ धरावा. रंगीत रत्नांत पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याइतके वजन हाती लागले तर ते समाधानकारक मानावे.

खोलीबाबत तडजोड करू नये. क्रांतिक कोन म्हणजे ज्यापलीकडे आतला प्रकाश बाहेर न पडता पूर्ण परततो तो कोन; क्वार्ट्झचा तो सुमारे ४०.५ अंश, कुरुंदाचा ३४.५ आणि हिऱ्याचा २४.४ अंश आहे. तळाचे पैलू या कोनापेक्षा कमी उतरते ठेवले तर प्रकाश परतत नाही, खालून निसटतो, आणि खड्याच्या मधोमध वर्तमानपत्र वाचता येईल अशी निर्जीव जागा तयार होते. मोठ्या खड्यात ही जागा लपत नाही. म्हणून चपटा, रुंद कच्चा तुकडा पाहून त्याच्या विस्ताराच्या मोहात पडू नये; त्यातून दोन-तीन खोल खडे काढावेत, किंवा त्याचा कॅबोशॉन, म्हणजे पैलू नसलेला गुळगुळीत घुमटाकार खडा, वा कोरीवकाम करावे.

करवतीने होणारी घटही मोजावी. १ मिमी जाडीच्या पात्याने ४० × ४० मिमीचा छेद घेतला तर १.६ घन सेंमी क्वार्ट्झचा चुरा होतो, म्हणजे सुमारे २१ कॅरट. महागड्या खड्याला म्हणूनच पातळ पाते वापरतात, आणि शक्य असेल तिथे छेद भेगेच्या रेषेतूनच नेतात, जेणेकरून तसेही वाया जाणारे द्रव्यच चुऱ्यात जाते.

एक मोठा की अनेक लहान, हा प्रश्न भेगाच बहुधा सोडवतात. कलिनन हा ३,१०६ कॅरटचा हिरा १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील प्रीमियर खाणीत सापडला आणि १९०८ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या आशर घराण्याने तो विभागला. त्यातून ९ मोठे आणि ९६ लहान हिरे निघाले, सर्वांत मोठा सुमारे ५३० कॅरटचा, आणि सर्व मिळून मूळ वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग. बोत्स्वानात २०१५ मध्ये सापडलेल्या १,१०९ कॅरटच्या लेसेडी ला रोनामधून ३०२.३७ कॅरटचा मुख्य हिरा आणि ६६ लहान हिरे घडवले गेले. दोन्ही ठिकाणी आधी मुख्य खड्याची जागा ठरली आणि उरलेल्या भागांतून बाकीचे निघाले. हाच क्रम आपणही ठेवावा. आधी लहान खडे बसवत गेल्यास मुख्य खड्याची जागा त्यात विरून जाते.

नेहमीचे पैलू हाच एक मार्ग नसतो. रत्नशिल्पी बेर्न्ड मुन्स्टाइनर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी घडवलेले डोम पेद्रो हे ब्राझीलचे ॲक्वामरीन सुमारे ३५ सेंमी उंच आणि १०,३६३ कॅरटचे आहे. त्यात मागच्या बाजूने आत कोरलेल्या छेदांनी प्रकाश खेळवला आहे आणि स्फटिकाची मूळ लांब घडण जपली आहे. अखंड टोके आणि चकचकीत पृष्ठे असलेला स्फटिक तर न कापता नमुना म्हणून अधिक मोलाचा ठरू शकतो, आणि ही शक्यता करवत उचलण्याआधी तपासायलाच हवी.

प्रक्रिया

प्रथम, खड्यावर आधीच काही केलेले आहे का, हे पाहावे. कच्चे आहे म्हणजे अस्पर्श आहे, असे मुळीच नाही. पाचूचा कच्चा माल तेलात, कधी हिरव्या तेलात, ठेवलेला असतो. तेलामुळे भेगा दिसेनाशा होतात आणि रंग दाट भासतो. मालकाच्या संमतीने खडा ॲसिटोन वा अल्कोहोलमध्ये ठेवून तेल काढले की भेगा पांढुरक्या होऊन समोर येतात, आणि खरा अंदाज तेव्हाच घेता येतो. राळेचे भरण मात्र इतक्या सहजी निघत नाही. मोठ्या आणि स्वस्त माणकाच्या तुकड्यांत शिशाच्या काचेचे भरण इतके सामान्य आहे की तेच गृहीत धरून तपासणी सुरू करावी : भिंगाखाली भेगेच्या प्रतलात निळी किंवा नारिंगी झळक आणि चपटे बुडबुडे दिसतात. असा खडा घासताना काच आणि कुरुंद वेगवेगळ्या वेगाने झिजतात, आणि दागिन्यात सोल्डरिंगची उष्णता किंवा सौम्य आम्लही त्या काचेला खराब करते. रंगवलेल्या क्वार्ट्झमध्ये रंग भेगांत साठलेला दिसतो. पृष्ठभागावरूनच टायटॅनियम मुरवून निळा केलेला नीलम पुन्हा घासला तर रंग निघून जातो, म्हणून द्रवात बुडवून कडा पाहाव्यात. रंग कडांवर एकवटलेला असेल तर थांबावे.

यानंतर आपण काय करू शकतो, ते पाहावे. हिरवट ॲक्वामरीन साधारण ४०० ते ४५० अंश सेल्सिअसला निळे होते. तपकिरी टांझानाइट सुमारे ५०० ते ६०० अंशांना निळे-जांभळे होते. तपकिरी झिरकॉन ९०० ते १,००० अंशांच्या आसपास, भट्टीतल्या हवेच्या स्वरूपानुसार, निळे, सोनेरी किंवा रंगहीन होते. कुरुंदाला पुष्कळदा १,६०० अंशांच्या वर न्यावे लागते; त्या तापमानाला रुटाइल या टायटॅनियमयुक्त खनिजाच्या सूक्ष्म सुयांचे रेशीम विरघळते आणि त्यातले टायटॅनियम लोहासोबत निळा रंग देते. श्रीलंकेचे गेउडा नावाचे दुधी कुरुंदाचे खडे १९७० च्या दशकापासून याच मार्गाने निळे केले गेले. हे काम विशेष भट्टीचे आहे, घरगुती किंवा दागिन्यांच्या भट्टीचे नव्हे.

ॲमेथिस्टचे सिट्रीन करताना रंग ४७० अंशांच्या पुढे बदलू लागतो. पण क्वार्ट्झची अंतर्गत रचना ५७३ अंशांना बदलते आणि त्या क्षणी आकारमान एकदम पालटते. लहान खडा तेवढ्यात वाचूही शकतो, मोठा बहुधा तडकतो. म्हणून मोठ्या ॲमेथिस्टला ५५० अंशांच्या वर नेऊ नये.

कोणत्याही मोठ्या खड्याला भट्टीत घालण्याआधी त्याच स्फटिकातून कापलेला एक टाकाऊ तुकडा तापवून पाहावा. शेजारच्या खाणीतला किंवा सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्याचा तुकडा चालत नाही, कारण रंग ज्या सूक्ष्म अशुद्धींमुळे येतो त्या खड्यागणिक बदलतात. मुख्य खडा ॲल्युमिना पावडरीत किंवा कोरड्या वाळूत पुरून ठेवावा, तापमान ताशी ३० ते ५० अंशांहून वेगाने वाढवू नये, आणि उतरवतानाही तितकाच संयम ठेवावा. भट्टी पूर्ण थंड होण्यापूर्वी तिचे दार उघडणे ही मोठे खडे गमावण्याची अगदी नेहमीची वाट आहे.

क्रम असा असावा : आधी करवतीने व घासून भेगा, द्रवाच्या पोकळ्या आणि खडकाचे अवशेष काढावेत, खड्याला ढोबळ आकार द्यावा, मग तापवावे, आणि अखेरचे पैलू व पॉलिश शेवटी करावे. त्यामुळे भट्टीत फुटण्याची कारणे आधीच निघून जातात, आकार लहान झाल्याने उष्णता गाभ्यापर्यंत लवकर पोहोचते, आणि पृष्ठभागावर आलेले वितळण्याचे डाग पॉलिशमध्ये निघतात. पाचूला तेल देणे मात्र पूर्ण पॉलिशनंतरच. साध्या उष्णतेने भेगा बुजत नाहीत, उलट वाढतात; माणकातल्या भेगा बोरॅक्ससारख्या द्रावकासोबत तापवून जुळवल्या जातात, पण ती निराळी प्रक्रिया आहे आणि भेगांत काच मागे राहते.

किरणोत्साराने रंगहीन टोपाझ निळा करतात आणि त्यानंतर तो हलक्या उष्णतेने स्थिर करतात. हे परवानाधारक केंद्रांचेच काम आहे, आणि किरणोत्साराची पातळी सुरक्षित मर्यादेखाली येईपर्यंत खडे थांबवून ठेवणे बंधनकारक असते. मॅक्सिक्स प्रकारच्या गडद निळ्या बेरिलचा रंग प्रकाशात उडतो, कुंझाइटचाही फिका पडतो. म्हणून शंकास्पद रंगाच्या कच्च्या खड्याचा एक तुकडा अर्धा काळ्या कागदाने झाकून काही आठवडे उन्हात ठेवावा. दोन्ही अर्ध्या भागांत फरक दिसला, तर त्या रंगाच्या भरवशावर मोठा खडा विकत घेऊ नये आणि घडवूही नये.

काम संपल्यावर खड्यासोबत एक लेखी नोंद ठेवावी. कच्चे वजन, तयार वजन, कोणत्या तापमानाला किती वेळ तापवले, भेगांत तेल, राळ वा काच भरली आहे का, आणि खडा अल्ट्रासोनिक यंत्रात किंवा वाफेने स्वच्छ करता येतो का, हे तीत असावे. मोठ्या आणि मौल्यवान खड्याच्या विक्रीपूर्वी स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा, आणि आपली नोंद त्या अहवालासोबत खरेदीदाराच्या हाती द्यावी, कारण पुढे कधी तो खडा पुन्हा घासायचा किंवा दागिन्यात बसवायचा झाला तर तापवण्याचा आणि भरणाचा हा तपशील पुढच्या कारागिराला लागणारच असतो.